तीन ओळींचा पॅच

(पडद्यावर काळं टर्मिनल. लाल रंगात एक ओळ, तिच्या आधी उणे. खाली हिरव्या तीन ओळी, त्यांच्या आधी अधिक.)

एक ओळ गेली, तीन आल्या. एवढाच हा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. पाठवणारी कॉलेजात शिकते आणि तिचा हा पहिलाच पॅच आहे. सोबतच्या निरोपात तिने लिहिलंय: माझ्याकडे नीट चालतं, बघून घ्या.

तिच्याकडे चालत असणारच, त्यात शंका नाही. बघायचं ते बाकीच्यांकडे चालेल का, हे.

मी बॅकअपची एक छोटी शेल स्क्रिप्ट सांभाळतो. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञांची फाइल. ती कोण कोण वापरतं हे मला तक्रार आली की कळतं. कुणाकडे मॅक आहे, कुणी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालवतं, कुणी अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये. स्क्रिप्टची पहिली ओळ या सगळ्यांना एकच सांगते: ही फाइल ‘बिन’ फोल्डरमधल्या ‘एसएच’ या शेलने चालवा. पण एसएच नावाच्या दारामागे प्रत्येक घरात वेगळंच कुणीतरी राहतं.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला, तेव्हा एसएच म्हणजे तोच. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी बॅश आणला, आणि त्याच वर्षी केनेथ आल्मक्विस्ट यांनी आपला लहानसा शेल. डेबियन या लिनक्सचा डॅश, फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीचा एसएच हे आल्मक्विस्टच्या घराण्यातले. शेलची सामाईक भाषा कोणती, हे पॉझिक्स या मानकाने १९९२ मध्ये लिहून काढलं. पोर्टेबल, म्हणजे सगळीकडे चालणारी, स्क्रिप्ट लिहायची म्हणजे जमेल तितकं त्या सामाईक भाषेतच बोलायचं.

हे न पाळण्याची किंमत ऑक्टोबर २००६ मध्ये दिसली. उबुंटू या लिनक्सच्या ६.१० आवृत्तीत एसएच म्हणजे बॅश हे बदलून डॅश झालं, कारण डॅश हलका आहे आणि मशीन लवकर सुरू होतं. कित्येक स्क्रिप्ट वर एसएच लिहून आत बॅशची बोली बोलत होत्या. त्या सगळ्या अडखळल्या. २०११ मध्ये डेबियननेही तेच केलं.

(पडद्यावर पॅचची पहिली हिरवी ओळ, मोठी करून.)

आता आपली पहिली ओळ. चौकटी कंसात दोन शब्दांची तुलना आहे, आणि मध्ये बरोबरची दोन चिन्हं. बॅशला हे चालतं. पॉझिक्सच्या जुन्या नियमात चिन्ह एकच, आणि डॅश लगेच म्हणतो: अनपेक्षित ऑपरेटर. पण तिच्याकडेही उबुंटूच आहे, मग तिला हे दिसलं कसं नाही? मी विचारलं. ती स्क्रिप्टच्या नावाआधी ‘बॅश’ टाइप करून चालवत होती. असं केलं की फाइलची पहिली ओळ नुसती टिप्पणी ठरते आणि सगळं काम बॅशच करतो. ही सवय फार जणांना असते. मलाही होती.

दुसऱ्या ओळीत पडद्यावर मजकूर छापणाऱ्या ‘एको’ला ‘उणे ई’ जोडलंय. डॅशमध्ये ते ‘उणे ई’ संदेशासकट पडद्यावर छापलं जातं. तिथे ‘प्रिंटएफ’ वापरायचं, विषय संपला.

खरी गोम तिसऱ्या ओळीत होती.

तिसरी ओळ ‘सेड’ची, म्हणजे फाइलमधला मजकूर बदलणाऱ्या साधनाची. ‘उणे आय’ देऊन ‘कॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमधला एक शब्द जागच्या जागी बदलायचा. लिनक्सवरच्या ग्नू सेडमध्ये अगदी बरोबर. मॅकवरचा सेड बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या शाखेकडचा. त्याला ‘उणे आय’नंतर जुन्या प्रतीच्या नावाला लावायचं शेपूट हवं असतं. ते दिलेलं नाही, म्हणून तो बदलाची आज्ञाच शेपूट म्हणून घेतो. मग आज्ञा म्हणून उरतं काय, तर फाइलचं नाव. ‘कॉन्फिग’चं पहिलं रोमन अक्षर सी, आणि सेडच्या भाषेत सी म्हणजे ‘ही ओळ बदल’. तो तक्रार करतो की सी नंतर मजकूर हवा. वाचणाऱ्याला वाटतं आपली कॉन्फिग फाइलच बिघडलीय, आणि तो तिच्यात तासभर चूक शोधत बसतो.

(पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी: लिनक्स आणि मॅक. तीच ओळ, दोन वेगळी उत्तरं.)

मी तिला लिहिलं की सेडचं उत्तर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये घ्यावं आणि मग ‘एमव्ही’ने ती मूळ नावावर सरकवावी. हा जुना, सगळीकडे चालणारा रस्ता आहे. सोबत मॅकवरचा त्रुटीचा संदेश जसाच्या तसा चिकटवला. पहिल्यांदा पॅच पाठवणाऱ्याला नुसतं ‘चुकलंय’ म्हणून उपयोग नाही. कोणत्या मशीनवर, काय टाइप केल्यावर, काय दिसलं, हे समोर ठेवलं की पुढचं त्याचं तो करतो. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, त्या मीच दुरुस्त केल्या. त्यासाठी माणसाला हेलपाटा घालू नये.

दुसऱ्या दिवशी सुधारलेला पॅच आला. मी स्वीकारणार, इतक्यात तिचाच आणखी एक निरोप: कॉन्फिगमध्ये सर्व्हरचा पासवर्ड असतो ना? मग आता ती फाइल सगळ्यांना वाचता का येतेय?

मी ‘एलएस उणे एल’ करून फाइलच्या परवानग्या पाहिल्या. तिचं बरोबर होतं. जुनी फाइल ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी. तात्पुरती फाइल नवी, तिला नेहमीची ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येणारी, मिळालेली, आणि ‘एमव्ही’ ती परवानगी बरोबर घेऊन आला. ही वाट मी सुचवलेली होती. तिच्या मूळ ओळीत हा धोका नव्हता, कारण ग्नू सेड जुन्या फाइलच्या परवानग्या नव्या फाइलला लावतो. मॅकवाल्यांची अडचण सोडवताना मी सगळ्यांचा पासवर्ड उघडा टाकणार होतो.

शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं शेलचेक नावाचं साधन अशा वेळी मोठा आधार असतं. पहिल्या दोन्ही ओळी त्याने क्षणात पकडल्या. सेड आणि परवानगी याबद्दल मात्र ते गप्प होतं. तिथे माणसानेच वाचावं लागतं, एकेक अक्षर.

एकेक अक्षर हे मी शब्दशः म्हणतोय. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संकुचन साधनात लपवलेलं चोरदार उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने माग काढला. नंतर जुने बदल तपासताना एका चाचणीच्या कोडमध्ये एक सुटं टिंब सापडलं. एकच पूर्णविराम. त्यामुळे ती चाचणी कधी कंपाइलच होत नसे, आणि ‘लँडलॉक’ ही सुरक्षेची चौकट या मशीनवर नाही असं समजून ती गुपचूप बंद राहायची. तो बदल इतका छोटा होता की नजर त्यावरून घसरून जावी.

(पडद्यावर पुन्हा आपला पॅच.)

आम्ही शेवटी काय केलं? तात्पुरती फाइल लिहिण्याआधी ‘यूमास्क ०७७’ ही एक ओळ घातली. नव्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत, हे यूमास्क सांगतं. जन्मतःच ती फाइल फक्त मालकाची. ही आज्ञा पॉझिक्समध्ये आहे, म्हणजे डॅश, बॅश, अल्पाइनमधला बिझीबॉक्सचा शेल, मॅक, कुठेच वाद नाही. मग चाचण्या. माझ्याकडे चाचणीसाठी ‘लग्नाचे फोटो’ नावाचं एक फोल्डर कायम असतं, मध्ये मोकळी जागा ठेवून. स्क्रिप्टमध्ये कुठे व्हेरिएबलला अवतरणचिन्हं द्यायची राहिली, की शेल त्याचे ‘लग्नाचे’ आणि ‘फोटो’ असे दोन तुकडे करतो आणि दोन्ही सापडत नाहीत. एका वापरकर्त्याच्या अशाच फोल्डरची प्रत घ्यायची राहून गेली होती. तेव्हापासून हे फोल्डर प्रत्येक चाचणीत आहे.

चारही मशीनवर स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली. ‘लग्नाचे फोटो’ अखंड. कॉन्फिगची परवानगी ६००.

पॅच आता चार ओळींचा झालाय. कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, तिचं नाव आहे, आणि यूमास्कच्या ओळीवरची टिप्पणी तिने स्वतः लिहिलीय: या फाइलमध्ये पासवर्ड असतो, ही ओळ काढू नका.