जात्यावरची ओवी टिपायला कोणता रेकॉर्डर?

(दृश्य: खुंट्यावर दोघींचे हात. जात्याभोवती पडणारं पीठ.)

जात्याची घरघर जड, खालच्या पट्टीतली, एकसारखी चालणारी. तिच्यावर ओवी. कधी खड्या आवाजात, कधी वैरण, म्हणजे जात्यात मूठभर धान्य, घालता घालता पुटपुटल्यासारखी. एकाच वेळी, हातभर अंतरावरून येणारे हे दोन आवाज नीट टिपायचे आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बहुतेक कागदावर उतरवलेल्या. पुढे संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण उभं राहिलं. शब्द कागदावर राहतात. पण ओळ संपताना घेतलेला दम, जोडीदारणीनं मध्येच उचललेला सूर, बांगड्यांची किणकिण, हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य: टेबलावर तीन-चार लहान रेकॉर्डर.)

दुकानात आपल्याला ट्रॅक किती, स्क्रीन केवढा, हेच सांगितलं जातं. ओवीसाठी त्याआधी एक गोष्ट पाहायची: यंत्राची स्वतःची खरखर. बाई हळू गात असेल, तर लेव्हल वाढवावी लागते, आणि लेव्हलबरोबर माइकची आणि प्रीअँपची (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाची) खरखरही वर येते. नंतर ती काढायला गेलं, की आवाजातला श्वासही थोडा पुसला जातो. म्हणून विकत घेण्याआधी रात्री, पंखा आणि फ्रिज बंद करून, शांत खोलीत कुणाला तरी हळू बोलायला लावा, रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. दोन यंत्रं असतील तर दोन्हींचा आवाज सारखा करूनच तुलना करा.

झूम एफ३ या बाबतीत फार चांगला. त्याच्या प्रीअँपची खरखर उणे १२७ डीबीयू, आणि इथे उण्याचा आकडा जितका मोठा तितकं यंत्र शांत. पण त्याला स्वतःचा माइक नाही. माइक, केबल, स्टँड हा सगळा खर्च वेगळा. टास्कम डीआर-०५एक्सचे माइक अंगचेच आणि चारही बाजूंचं ऐकणारे. समोरासमोर बसून दळणाऱ्या दोघींसाठी हे सोयीचं. शिवाय असे माइक वाऱ्याला आणि हाताळण्याच्या आवाजाला कमी बिचकतात. पहिलाच रेकॉर्डर घेणाऱ्याला आम्ही हाच सुचवू.

३२-बिट फ्लोट या रेकॉर्डिंगच्या तंत्राचा आता बराच गाजावाजा आहे. झूम एच१ इसेन्शियलसारख्या लहान यंत्रातही ते आलंय. अचानक कुणी मोठ्यानं हसलं तरी आवाज फाटत नाही, हा फायदा खरा. एकट्यानं काम करणाऱ्याला तर मोठाच आधार. पण माइकची खरखर त्यानं कमी होत नाही, हे पैसे मोजण्याआधी लक्षात असू द्या.

(दृश्य: पडवी. घडी घातलेल्या गोधडीवर छोटा स्टँड, त्यावर केसाळ टोपी घातलेला रेकॉर्डर.)

रेकॉर्डर जमिनीवर ठेवायचा नाही. दगडाची थरथर फरशीतून थेट माइकमध्ये शिरते. खाली जाड गोधडी घाला, जात्यापासून दोनेक हात अंतर ठेवा, माइकचा रोख तोंडाकडे ठेवा. खालचे सूर कापणारं लो-कटचं बटण एरवी कामाचं, इथे मात्र बंद. घरघर कापली तर गाण्याचा ठेकाच गेला. पडवीत वारा असतोच. फोमच्या टोपीनं भागत नाही, केसाळ कव्हरच लागतं. ते रेकॉर्डरबरोबरच घ्या.

फाइल वेव्ह (WAV), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी जागा लागते, म्हणजे साधं कार्डही दिवसभर पुरतं. सेल पेन्सिलचे असले तर उत्तम, ते गावच्या किराणा दुकानातही मिळतात.

गाणाऱ्या बाईंची परवानगी आधी घ्यायची. त्यांचं नाव, गाव आणि तारीख रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच मोठ्यानं बोलून ठेवायची. फाइलचं नाव बदललं तरी ओळख राहते. संध्याकाळी दोन ठिकाणी प्रती करा. आणि गावातून निघण्याआधी एक एमपी३ प्रत त्यांच्या घरच्या मोबाइलवर टाकून, ती तिथे वाजते ना, हे पाहूनच उठा.