चर्चगेट ते अंधेरीएवढे दोन तारे

नमस्कार मंडळी. 17 ऑगस्ट 2017, गुरुवार, आपल्याकडे संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं झाली होती, गणपती आठवड्यावर आलेले, बाजार भरलेले, आणि त्याच वेळी तुमच्याआमच्यासकट अख्खी पृथ्वी अगदी किंचित ताणली जात होती आणि आवळली जात होती, पण आपल्याला कुणाला काही कळलं नाही. कळलं ते अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रयोगाच्या दोन डिटेक्टरांना. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या लहरी. प्रत्येक डिटेक्टरात 4-4 किलोमीटरचे दोन काटकोनातले पाइप आहेत, त्यातून लेझर फिरत असतो, आणि पाइपाच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो टिपता येतो. तो सिग्नल सुमारे 100 सेकंद चालला. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगर फिरत शेवटी एकमेकांवर आदळले, त्याचा तो सिग्नल.

आता न्यूट्रॉन तारा म्हणजे काय ते जरा नीट बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. गुरुत्वाकर्षण हे तसं निसर्गातलं सगळ्यात कमजोर बल, पण विजेच्या बलासारखं त्यात प्लस-मायनस नाही, त्यामुळे ते कशानेच कटत नाही, वस्तुमान वाढलं की नुसतं साठत जातं. ताऱ्यात आतून जळण चालू असतं तोवर ते जळण गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतं. सूर्याच्या आठपट वगैरे मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं, मधे लोखंडाचा गाभा उरला, की हा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात आणि न्यूट्रॉन बनतात. गाभ्याला कोसळू न देणारा इलेक्ट्रॉनचा आधार कुठवर पुरतो याची मर्यादा, म्हणजे सूर्याच्या साधारण 1.4 पट, 1930 साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर 19 वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतीय शास्त्रज्ञाने काढायला घेतली होती, आणि त्यांना नोबेल मिळालं ते 1983 मध्ये! तर न्यूट्रॉन तारा म्हणजे आख्ख्या सूर्यापेक्षा जास्त माल आणि व्यास किती, तर चर्चगेट ते अंधेरी, बावीसेक किलोमीटर. त्यातला एक चमचाभर माल शंभर कोटी टनांहून जड भरेल.

याच्याही पुढे वस्तुमान गेलं की न्यूट्रॉनही हरतात आणि मग ब्लॅक होल. लोकांना वाटतं ब्लॅक होल सगळं ओढून घेतं, तसं नाहीये. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवलं तर पृथ्वी आहे त्याच कक्षेत फिरत राहील (अंधार आणि थंडी होईल ते वेगळं). त्या ब्लॅक होलची त्रिज्या असेल फक्त 3 किलोमीटर. त्या दिवशी आदळलेल्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या 2.7 पट होतं, त्यामुळे शेवटी ब्लॅक होलच बनलं असणार असं बहुतेक शास्त्रज्ञांचं मत आहे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. टक्कर झाल्यावर 1.7 सेकंदांनी फर्मी या उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. अंतर होतं सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं. म्हणजे या लहरी निघाल्या तेव्हा आपला सह्याद्री नव्हता, त्यांचा निम्मा प्रवास झाला तेव्हा कुठे दख्खनचा लाव्हा वाहत होता, आणि एवढं अंतर कापून गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोचले! दोघांचा वेग एकच, हे आइन्स्टाइननं कागदावर मांडलेलं, ते इतक्या बारकाईनं एका संध्याकाळीच सिद्ध झालं.

पण आकाशात नेमकं कुठे बघायचं? दोनच डिटेक्टर असले की आकाशाचा एक लांबलचक पट्टा हाती लागतो, जागा नाही. इथे इटलीतला व्हर्गो हा तसाच तिसरा डिटेक्टर कामी आला, आणि तोही कसा, तर त्याला सिग्नल जवळजवळ दिसलाच नाही! म्हणजे टक्कर त्याच्या आंधळ्या भागात झाली होती, आणि त्यावरूनच जागा आवळत आणता आली. साधारण 11 तासांत चिलीमधल्या टेलिस्कोपला एनजीसी 4993 या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. पुढे त्याच्या प्रकाशात स्ट्रॉन्शियम हे जड मूलद्रव्य ओळखता आलं. सोनं, प्लॅटिनम अशा जड मूलद्रव्यांचा मोठा वाटा अशाच टकरींतून येत असावा. नंतर रेडिओ लहरी आल्या, त्या बघणाऱ्यांत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणसुद्धा होती.

म्हणूनच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या डिटेक्टरचं मला इतकं अप्रूप आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने 2600 कोटींची मंजुरी दिली. डिटेक्टर एकमेकांपासून जितके लांब तितकी आकाशातली जागा नेमकी कळते, त्यामुळे हिंगोलीतली नोंद अमेरिकेतल्या, इटलीतल्या नोंदींशी जुळवली की दुर्बिणी कुठे वळवायच्या ते पटकन सांगता येईल. आणि गोंगाटातून असा सिग्नल शोधायची पद्धत विकसित करण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर 1990च्या सुमारापासून होते, म्हणजे सिग्नल सापडायच्या पंचवीसेक वर्षं आधी. मराठवाड्यातल्या मुलांनो, फिजिक्स आवडत असेल तर या प्रोजेक्टवर लक्ष ठेवा, तिथे लेझरवाले, व्हॅक्यूमवाले, कंप्युटरवाले सगळेच लागणार आहेत.