ऑडिटचे नियम कोण लिहितं?

श्रोते हो, नमस्कार. पतसंस्थेत ठेव अडकलेलं एखादं घर आपल्या खान्देशात प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. कापसाचे, केळीच्या पट्टीचे पैसे. ‘ऑडिट वर्ग अ’ अशी पाटी वाचूनच अनेकांनी ते ठेवले होते. म्हणून ऑडिट कसं करायचं हे ठरवतं कोण, हा प्रश्न आपलाही आहे.

आपल्याकडे ऑडिटची मानकं सीएंचीच संस्था, आयसीएआय, तयार करत आली. जानेवारी 2009 मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा फुटला. ताळेबंदात दाखवलेले हजारो कोटी बँकेत नव्हतेच, आणि ऑडिटरची सही मात्र होती! पुढे 2013 च्या कंपनी कायद्यात ऑडिटरांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र सरकारी प्राधिकरणाची तरतूद झाली आणि 2018 मध्ये ते, म्हणजे एनएफआरए, स्थापन झालं.

2024 मध्ये आयसीएआय आणि एनएफआरए यांच्यात वाद पेटला, एसए 600 या मानकावरून. मोठ्या कंपनीच्या उपकंपन्यांचं ऑडिट वेगवेगळे सीए करतात. मुख्य ऑडिटर त्यांच्या कामावर विसंबून सही करतो. संपूर्ण समूहाची जबाबदारी त्याच्यावरच हवी, असं प्राधिकरणाचं म्हणणं. आयसीएआयचा विरोध होता: मग सगळं काम बड्या फर्मच घेतील, लहान सीए मरतील.

ही भीती खोटी नाही. भुसावळ, शिरपूरच्या सीएलाही पोट आहे. पण काम कोणाचं जाईल याचीच चर्चा मोठ्याने झाली, पैसा कोणाचा बुडेल याची दबक्या आवाजात. गुंतवणूकदाराची बाजू प्राधिकरणाने मांडली खरी, पण गुंतवणूकदार स्वतः या चर्चेत कुठे होता? ज्याची तपासणी व्हायची त्याने, किंवा तपासणीवर ज्याचं पोट आहे त्याने एकट्याने नियम लिहू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. जगभरच्या नियामकांच्या गटानेही 2020 मध्ये हेच सुचवलं: आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी मंडळं लेखापालांच्या महासंघापासून वेगळी करा.

आणि आपल्या गावात? पतसंस्थेचा ऑडिटर शासनाच्या नामतालिकेतून सर्वसाधारण सभा निवडते. नाव मात्र बहुधा संचालक मंडळच पुढे करतं आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत विषय संपतो. या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभासद असाल तर जा. ठराव वाचला की उभं राहून विचारा: हे नाव कोणी सुचवलं, आणि मागच्या ऑडिटचा दोषदुरुस्ती अहवाल कुठे आहे?