अर्धं कापड कोरं ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

एकवीस सप्टेंबर हा जागतिक शांतता दिन. तो जवळ आला की आम्हा चित्रकला शिक्षकांच्या टेबलावर कबुतरं उतरायला लागतात. पोस्टर स्पर्धा असते ना! पांढरं कबुतर, चोचीत ऑलिव्हची फांदी, मागे पृथ्वीचा गोल आणि गोलाला धरलेले चार रंगांचे हात. आता ऑलिव्हचं झाड खान्देशात कुणी पाहिलंय? मग मुलं कडुनिंबाची डहाळी काढतात. खरं सांगतो, अख्ख्या चित्रात डोळ्यांनी पाहून काढलेली तेवढी एकच गोष्ट असते. दोष मुलांचा नाही, शांततेचं चित्र म्हणजे हेच, असं आम्हीच त्यांना शिकवून ठेवलंय.

आज बोलायचंय ते वेगळ्या चित्रांबद्दल. निरनिराळ्या देशांतली अपंग माणसं, कुणी अंध, कुणी कर्णबधिर, कुणी व्हीलचेअरवरची, मिळून चित्रं काढतात, गाणी बसवतात, नाच बसवतात. अशा उपक्रमांच्या नावात 'शांतता' हमखास असते. ती फलकापुरतीच असते का? मला तसं वाटत नाही. मला वाटतं, शांततेवर बोलायचा पहिला हक्क याच माणसांचा आहे.

जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोरच्या चौकात एक लाकडी खुर्ची उभी आहे. उंची १२ मीटर, वजन साडेपाच टन. तिचा एक पाय अर्ध्यातून तुटलाय, चिरफाळ्या झाल्यात. शिल्पकार दानियल बेर्से यांचं हे १९९७ सालचं काम. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या करारावर सह्या करा, हे आल्यागेल्या राजदूतांना दिसत राहावं म्हणून ती उभारली. ठेवायची होती तीन महिने. ती आजही तिथेच आहे. आणि तिकडे कंबोडियात, अंगकोरच्या देवळांकडे जाणाऱ्या वाटांवर, त्याच सुरुंगांनी ज्यांचे पाय किंवा डोळे गेले असे वादक एकत्र बसून आपली जुनी वाद्यं वाजवतात. शेजारी वेगवेगळ्या भाषांतल्या पाट्या, आणि समोर जगभरचे प्रवासी उभे.

युद्ध माणसाला अपंग करतं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. जर्मनीत एलफ्रीडे लोझे-व्हेख्टलर नावाची चित्रकार होती. मनोरुग्ण ठरवून तिला संस्थेत ठेवलं, तिची सक्तीनं नसबंदी केली आणि १९४० साली नाझींनी तिला विषारी वायूनं मारलं. ऑगस्ट १९४१ पर्यंत त्या एका मोहिमेत सत्तर हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण माणसं मारली गेली. 'यांचा उपयोग काय' हा प्रश्न एकदा सरकारी कागदावर आला, की पहिला नंबर कुणाचा लागतो ते बघा.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सतीश गुजराल. जन्म १९२५ चा, झेलमचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. लहानपणीच ऐकू येणं गेलं. कला शिकायला आधी लाहोर, मग मुंबईचं आपलं जे. जे. आणि नंतर फाळणी. निर्वासितांचे लोंढे त्यांनी जवळून पाहिले. पुढची काही वर्षं त्यांच्या कॅनव्हासवर तेच येत राहिलं : कपड्यांत गुरफटलेल्या, वाकलेल्या, शोक करणाऱ्या आकृत्या. मला ती चित्रं पाहताना नेहमी वाटतं, या माणसाला आक्रोश ऐकू येत नव्हता, म्हणूनच तो पाठीच्या वळणात आणि बोटांच्या पेरांत त्याला इतका दिसला. १९५२ मध्ये ते मेक्सिकोला गेले, दिएगो रिव्हेरा आणि सिकेरोस या भित्तिचित्रकारांकडे. झेलमचा बहिरा तरुण परक्या देशात, जिथली भाषा ऐकूही येत नाही आणि येतही नाही, तिथे भिंत कशी रंगवायची ते शिकून आला.

आता आपल्या उंबऱ्यावर येऊ. यावल तालुक्यातलं फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. मंडप आणि प्रदर्शन सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. बोसबाबूंनी बांबू आणि आसपास मिळणारं साधं सामान घेऊन ते नगर उभं केलं. हा परिसर त्यांना अगदीच नवा नव्हता. फैजपूरच्या आधी पंचवीस-एक वर्षं लेडी हेरिंगहॅम यांच्या गटात ते अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. इंग्रज बाई, बंगाली तरुण, हैदराबादचे चित्रकार आणि समोर बुद्धाच्या भिंती. तेही एक आंतरराष्ट्रीय काम होतंच की!

या नंदलाल बोसांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी. जन्मापासून एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं अगदी कमी. १९४६-४७ मध्ये, देश एकमेकांचे गळे कापत असताना, या माणसानं शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर संतांचं प्रचंड चित्र केलं. कबीर, तुलसीदास, सूरदास, सगळे एकाच गर्दीत. पुढे १९५७ च्या सुमारास, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, होती तेवढी दृष्टीही गेली. मग ते कागद कापू लागले, घड्या घालू लागले, माती घडवू लागले. १९७२ मध्ये पूर्ण अंध असताना त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं भित्तिचित्र केलं. वय होतं अडुसष्ट. हे सगळं मला आमच्या कला पदविकेत कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षेत सनावळ्या विचारतात, डोळ्यांबद्दल कोण विचारतो!

एक तक्रार करतो, रागावू नका. अपंग माणसाचं चित्र समोर आलं की आपण चित्र बघतच नाही. "पायानं काढलं? अरेरे! कमाल आहे!" झालं, पुढच्या चित्राकडे. रेषा कशी आहे, रंग जमलाय का, काही फसलंय का, हे कुणी बोलत नाही. तोंडानं आणि पायानं चित्रं काढणाऱ्यांची एक जागतिक संघटना आहे, मुख्य ठाणं युरोपातल्या लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात. पोलिओमुळे हात गेलेल्या एरिख श्टेगमान या जर्मन चित्रकारानं ती उभारली. सत्तरांहून अधिक देशांतले कलाकार तिच्यात आहेत, भारतातलेही. त्यांचा आग्रह एकच, दान नको, आमचं काम विकत घ्या. त्यांची भेटकार्डं आणि कॅलेंडरं तुमच्यापैकी कुणाकडे टपालानं आलीही असतील.

आपल्या आनंदवनाची गोष्ट याच जातीची. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, एका स्विस गृहस्थानं युद्धात उद्ध्वस्त झालेली गावं पुन्हा बांधायला कालच्या शत्रूदेशांतले तरुण एकत्र आणले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था निघाली. तिचे देशोदेशीचे तरुण १९५० नंतरच्या दशकात आनंदवनात आले आणि कुष्ठरुग्णांच्या बरोबरीनं तिथं बांधकाम करू लागले. त्या काळात गावातले लोक या वस्तीतली भाजीसुद्धा घ्यायला कचरत होते. पुढे त्याच आनंदवनातून डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा अपंग कलाकारांचा वाद्यवृंद उभा केला. लोक तिकीट काढून ऐकायला येतात, हे मला फार आवडतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार २००६ चा, भारतानं तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचं तिसावं कलम म्हणतं की अपंग व्यक्तीला आपली कला फुलवायची संधी मिळायला हवी, आणि ती केवळ तिच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. एवढं पुरे.

आता आपल्याकडच्या अपंग मुलांनी परदेशातल्या मुलांबरोबर असं चित्र करायचं कसं, ते. १९९५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली तेव्हा, जपानी मंडळींच्या पुढाकारानं 'किड्स गेर्निका' सुरू झालं. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बाँब पडले आणि चित्रकार पिकासोनं त्यावर 'गेर्निका' हे प्रचंड चित्र काढलं. त्याच मापाच्या कापडावर, म्हणजे साडेतीन मीटर बाय सात पूर्णांक आठ मीटर, मुलांनी मिळून शांततेचं चित्र काढायचं. हे माप आपल्या कामाला फार सोयीचं. एवढं मोठं कापड एकट्याच्या मालकीचं होऊच शकत नाही.

मात्र ते जमिनीवर अंथरू नका. व्हीलचेअरवरचं मूल तिथे पोचणार कसं? बाकं जोडून त्यावर पसरा. ज्याची मूठ नीट वळत नाही त्याच्या ब्रशला सायकलच्या हँडलची जुनी ग्रिप बसवा, ब्रश हातात टिकतो. अंध मुलांसाठी बाह्यरेषा फेविकॉलवर सुतळी चिकटवून करा. रंगात कुठे गिरणेची वाळू मिसळा, कुठे कापूस लावा, कुठे केळीच्या खोडाचा धागा. म्हणजे ते कापड जपानला गेलं तर तिथल्या अंध मुलीच्या बोटांना खान्देश लागेल. कर्णबधिर मुलांची काळजी करू नका. सांकेतिक भाषा देशादेशाची वेगळी असते हे खरं, पण व्हिडिओ कॉलवर ही मुलं हातांनी आणि चेहऱ्यांनी लवकर वाट काढतात. दुभाष्या कुठे मिळेल म्हणून धावपळ करतो ते आपण, ऐकू येणारे. अमळनेरकडची एक आई मुलाला सोडायला आली तेव्हा मला म्हणाली होती, "याले बोलता येत नई भाऊ, पन रंग समजतस." आणि समजत होतेच. निळ्या रंगाची बाटली तो कुणाला देईना.

भांडणं होतात, हे आधीच सांगून ठेवतो. अंध मुलगा चित्र 'पाहायला' हात फिरवतो आणि शेजारणीचा ओला रंग पुसला जातो. ती रडते. मग विचारून हात लावायचा, आणि वाळलं की तिनं त्याला सांगायचं, असं ठरतं. हे ठरवायला एक अख्खी दुपार जाते, त्या दुपारी चित्र तसूभरही पुढे सरकत नाही. शिक्षकांनी मध्ये पडू नये. माझ्या लेखी, शांततेचं जे काही काम व्हायचं ते त्या दुपारी होतं.

विषय मुलांना निवडू द्या. कुणी तापीचा पूर काढेल, कुणी रावेरची केळीची बाग, कुणी कानबाईची मिरवणूक, कुणी भुसावळचं इंजिन. जगाचा गोल सुचवू नका.

कापड साधं मांजरपाट घ्या, रंग ॲक्रेलिक. फक्त अर्धं रंगवा आणि अर्धं कोरं ठेवून पाठवा, ते तिकडची मुलं भरतील. घडी घालू नका, रंग तडकतो, पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. मागच्या बाजूला मुलांची नावं देवनागरीत लिहा आणि तिकडच्यांसाठी त्यांच्या लिपीत जागा सोडा. नावापुढे अपंगत्वाचा प्रकार लिहायचा नाही. आणि काम एप्रिल-मेमध्ये काढणार असाल तर सकाळी दहाच्या आत उरका, आपल्याकडच्या उन्हात रंग ब्रशवरच सुकतो.

नमस्कार.