गोळी झाली, पुढे?

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या, गोळ्या मनाने बंद करू नका, एवढं एकच सांगत राहिलो. आजही सांगतो, मनाने बंद करायच्या नाहीत. पण गोळी घेऊन माणूस दिवसभर बसतो कुठे, घरचे त्याच्याशी बोलतात काय, यावरही पुष्कळ अवलंबून असतं.

लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली दाखवलं की, रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष पुन्हा जास्त आजारी पडले. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले कमी. पुढच्या अभ्यासांत धागा सापडला तो सततच्या टोमण्यांचा, रागाचा आणि अति काळजीचा. हो, काळजीचासुद्धा! आजार घरच्यांमुळे होतो, असा अर्थ मात्र काढू नका.

आता आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडचं ऐका. एक पोरगा तिसऱ्यांदा उपचार घेऊन घरी आलेला. आईचं दिवसातून वीसदा, "गोळी घेतलंस? असो कित्या बघतंस?" एका पहाटे तो उठून थेट रापणीवर गेला, म्हणजे किनाऱ्यावरून सगळे मिळून दोराने मोठं जाळं ओढतात तिथे. आई मागोमाग धावली. सगळ्यांदेखत ओरडली, "तेका दोर देव नको, तेची तब्येत बरी नाय!" रापणीचा म्होरक्या म्हातारा. दोर न सोडता म्हणाला, "वैनी, रापण हातान वोडतत, डोक्यान नाय." अख्खा किनारा हसला. पोरगाही.

जाळं वर आलं, वाटे पडले. त्याचा वाटा इतरांएवढाच, बांगडे आणि मूठभर पेडवे. (आता पर्ससीनची यांत्रिक जाळी नि एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांनी रापणीला ठेवलंय काय, हा विषय मी काढला की आमचे निर्माते घड्याळ दाखवतात.) घरी त्या बांगड्यांचं तिखलं झालं. तिरफळं घालून हं, नाहीतर त्याला तिखलं म्हणू नये! त्या गडबडीत आई गोळीचं विचारायला विसरली. जेवून हात धुतले आणि गोळी त्याने आपणहून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात तो परत बिघडला. दीड महिना दवाखान्यात होता. आल्यावर किनाऱ्यावर गेला तेव्हा म्हाताऱ्याने विचारपूस केली नाही, नुसता दोर पुढे केला.

मंडळी, घरचे थकतात हेही मला ठाऊक आहे. तुम्हालाच बोलावंसं वाटलं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा.