चौकोनी भोकाचं नाणं आधी सुलटं धरा

मंडळी, मुंबई-पुण्यात कित्येक घरांत लाल दोऱ्यात ओवलेली तीन चिनी नाणी असतात. फेंगशुईच्या दुकानातून आणलेली, तिजोरीत किंवा पाकिटात जपून ठेवलेली. ती घेऊन लोक माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न असतो, किती जुनं? दुसरा, किती येतील? मी म्हणतो, आधी नाणं वाचू. चिनी न येणाऱ्यालाही ते बरंच वाचता येतं, आणि त्यात फार आनंद आहे.

सुरुवातीलाच अडतं ते सुलटं-उलटं कळत नाही म्हणून. तेव्हा एकच अक्षर डोळ्यांत बसवा : 'बाओ', म्हणजे मौल्यवान वस्तू. माथ्यावर घराच्या छपरासारखी रेघ, मधे रेघांची दाटी, तळाशी दोन आखूड पाय. हे अक्षर भोकाच्या डाव्या हाताला आणा, छप्पर वर आणि पाय खाली. झालं नाणं सुलटं. आता उजवीकडे बघा. तिथे तळाशी होडीसारखी लांब रेघ ओढलेलं 'तोंग' असेल, तर आधी वरचं अक्षर, मग खालचं, मग उजवं, शेवटी डावं. वर-खाली बहुधा सम्राटाच्या कालखंडाचं नाव, आणि 'तोंगबाओ' म्हणजे सर्वत्र चालणारं चलन. उजवीकडे 'तोंग' नसेल तर बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वाचायचं. सोंग राजघराण्याच्या काळातली पुष्कळ नाणी अशी आहेत.

दोनच अक्षरं दिसली आणि उजवीकडचं डमरूसारखं असलं, तर ते 'वू झू'. डमरू म्हणजे पाच, झू हे वजन. हान सम्राट वू यानं इसवी सनापूर्वी ११८ मध्ये ते सुरू केलं आणि अधूनमधून खंड पडत ते इ.स. ६२१ पर्यंत चाललं. सातशेहून जास्त वर्षं!

६२१ मध्ये तांग घराण्यानं 'काययुआन तोंगबाओ' आणलं. इथे भलेभले फसतात. पुढे ७१३ ते ७४१ या काळात एका तांग सम्राटाच्या कालखंडाचं नाव खरोखरच काययुआन होतं, म्हणून नाणंही तेव्हाचंच असं लिहून टाकतात. पण नाणं शंभरेक वर्षं आधीचं आहे. अक्षरं ओउयांग श्यून या नामवंत सुलेखनकारानं लिहिली, आणि नंतरच्या जवळजवळ सगळ्या नाण्यांनी हाच घाट उचलला.

माझं मन मात्र सोंग काळातच रमतं. सम्राट तायझोंगनं ९९० च्या सुमारास 'छुन्हुआ युआनबाओ'ची अक्षरं स्वतः तीन वळणांत लिहिली : एक ठाशीव, एक वाहतं, एक अगदी धावतं. नाणं एकच, अक्षरं तीन तऱ्हांची. पुढे हुइझोंग. हा सम्राट चित्रकारही होता. त्याचं 'दागुआन तोंगबाओ' ११०७ ते १११० मधलं. रेघा तारेसारख्या बारीक, टोकाला किंचित टोकदार. 'सोन्याची सडपातळ लिपी' म्हणतात तिला. बाजारहाटाच्या चिल्लरीवर राजाचं सुंदर हस्ताक्षर! मी पहिल्यांदा ते भिंगाखाली धरलं तेव्हा कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही.

आता नाणं पालथं करा. मागे भोकाच्या दोन्ही बाजूंना उभी, माळेसारखी मांचू अक्षरं असतील तर ते चिंग घराण्याचं, म्हणजे १६४४ नंतरचं. त्यात उजवीकडचा शब्द टांकसाळ सांगतो. समोर कांगशी, चियानलोंग, दाओगुआंग यांपैकी नाव मिळेल. फेंगशुईच्या जुडीत बहुधा पहिले दोन असतात. मागे पाण्याच्या लाटा कोरलेल्या असतील तर ते जपानी. अठराव्या शतकात चार मोन (मोन हे तेव्हाचं जपानी चलन) किमतीची अशी नाणी निघाली.

खरं-खोटं? कडा बघा. ही नाणी ओतीव. ओतल्यावर चौकोनी सळईवर ओवून कडा कानशीनं घासत, म्हणून तिथे बारीक ओरखडे असतात. कडेच्या मधोमध साच्याची शिवण दिसली की शंका घ्या. रंगही बोलतो : जुनी नाणी काशाची, पितळ आलं मिंग काळात, सोळाव्या शतकात. पिवळंधमक 'सोंग' नाणं कोणी देऊ लागलं तर हात आखडता घ्या. आणि कृपा करून चिंच लावू नका. मी विद्यार्थिदशेत एक नाणं चिंचेनं घासलं. त्याची हिरवी साय गेली ती गेलीच. आजही हळहळ वाटते.

एक धोका मात्र ओळख पटल्यावरही उरतो. नावावरून कळतो तो ओतल्याचा काळ, हरवल्याचा नव्हे. कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ १३२३ मध्ये बुडालेल्या जहाजात सुमारे २८ टन चिनी नाणी सापडली, आणि त्यांत शेकडो वर्षं आधीची पुष्कळ होती. तंजावर भागात सोंग नाण्यांचे साठे मिळाले, तेही असेच पाहायला हवेत : साठ्यातलं सर्वांत उशिराचं नाणं कोणतं, हे आधी. म्हणून सापडलेल्या जागेची नोंद नाण्याइतकीच जपा. सोबत कोणती खापरं होती, किती खोल होतं, सगळं लिहा.

इंग्रजीत या नाण्याला 'कॅश' म्हणतात, तो शब्द मुळात तमिळ 'कासू', पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला. दूरचं वाटणारं नाणं आपल्या किनाऱ्याशी असं बांधलेलं आहे.

समोरच्या तबकात अकरा नाणी मांडली आहेत, भिंगंही ठेवली आहेत. नाणी कडेनं धरा, आणि बाओ शोधून सुरुवात करा.