एकाच इवल्याशा फुलाच्या दोनशे प्रजाती? एकोणिसाव्या शतकातलं वनस्पतिशास्त्रज्ञांचं भांडण

दोन पुस्तकं. दोन्ही ब्रिटनच्याच वनस्पतींवर, दोन्हींचे लेखक नावाजलेले. ज्यांची रूपं फार बदलती असतात असे काही वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचे गट, घेतले, तर चार्ल्स बॅबिंग्टन यांच्या पुस्तकात त्यांच्या प्रजाती भरतात 251. आणि जॉर्ज बेंथम यांच्या पुस्तकात 112.

बेट तेच, माती तीच, पाऊस तोच. मग मधल्या 139 प्रजाती गेल्या कुठे?

ही वजाबाकी माझी नाही. डार्विननं 1859 साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये ती मुद्दाम मांडली. त्याचं म्हणणं असं, की आयुष्यभर झाडं बघणाऱ्या माणसांनाही 'हा नुसता वाण आणि ही वेगळी प्रजाती' हे एकमतानं सांगता येत नसेल, तर ती हद्दच मुळात धूसर आहे. प्रजाती एका दिवसात घडत नाहीत, वाणातून हळूहळू घडतात. त्यामुळे अधलीमधली प्रकरणं सापडणारच.

भांडण मात्र त्याच्या आधीपासून चालू होतं. एका बाजूला तोडणारे. पानावरची लव जरा वेगळी दिसली की नवी प्रजाती, नवं लॅटिन नाव. दुसऱ्या बाजूला जोडणारे. ते म्हणायचे, 'अहो, एकच झाड आहे, सावलीत वाढलंय म्हणून तसं दिसतंय.' 1857 मध्ये डार्विननं आपला मित्र जोसेफ हूकर याला पत्रात लिहिलं, की केसाचे चार तुकडे करणारेही हवेत आणि सगळ्यांची मोट बांधणारेही हवेत.

हूकर पक्का मोट बांधणारा. 1847 ते 1851 तो हिमालयात आणि भारतात हिंडला. उंची बदलली, ओल बदलली की एकच झाड केवढी रूपं घेतं, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे लंडनजवळच्या क्यू इथल्या बागेचा तो संचालक झाला. तिथल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांच्या संग्रहात, जगभरातून गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. न्यूझीलंडहून विल्यम कोलेन्सो नमुने पाठवायचा आणि सोबत स्वतः ठरवलेल्या नव्या प्रजातीही. हूकरचा सूर असा, की बाबा रे, तुझ्याकडे ना मोठा संग्रह ना ग्रंथालय, तुझी 'नवी' प्रजाती दुसऱ्या देशात जुनीच आहे हे तुला तिथे बसून कळणार कसं?

यात तथ्य होतंच. पण मला यात सत्ताही दिसते. ज्यानं ते झाड वर्षानुवर्षं जिवंत पाहिलंय, त्यानं नमुना पाठवायचा, आणि नाव कोण ठरवणार, तर ज्याच्याकडे कपाटं जास्त आहेत तो! आपल्या सह्याद्रीतली झाडंही याच कपाटांतून गेली आहेत. हूकरच्या देखरेखीखाली 1872 ते 1897 या काळात 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे 7 खंड निघाले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्याला या खंडांचा मोठा आधार होता.

आता फ्रान्समध्ये, लिऑनला. इथे आपल्याला भेटतो अलेक्सी जॉर्डन. घरचा श्रीमंत, कट्टर कॅथलिक, आणि तोडणाऱ्यांचा मुकुटमणी.

(पडद्यावर: ड्राबा व्हर्ना, जवळून)

हे बघा, ड्राबा व्हर्ना. मोहरीच्या कुळातलं. थंडी सरता सरता रेताड जमिनीवर, भिंतीच्या कडेला उगवतं. पानांचा चपटा झुबका जमिनीला चिकटलेला, त्यातून वर येणारा बिनपानांचा दांडा, सगळं मिळून बोटभर. पांढऱ्या पाकळ्या फक्त चार, पण प्रत्येक मधोमध इतकी चिरलेली, की पटकन आठ वाटतात. काही आठवड्यांत शेंगा धरतात, बी पडतं, खेळ खलास.

जॉर्डननं हे झाड निरखायला सुरुवात केली. कुठे पान अरुंद, कुठे रुंद. कुठे लव साधी, कुठे टोकाला फाटे फुटलेली. शेंग कुठे लांबट, कुठे जवळजवळ गोल. इथवर कुणीही तोडणारा पोचला असता. जॉर्डन पुढे गेला. त्यानं एकेका रूपाचं बी वेगळं धरलं, आपल्या बागेत वेगवेगळं पेरलं, वर्षामागून वर्षं. माती एक, पाणी एक, ऊन एक. तरी अरुंद पानाच्या पोटी अरुंदच पान येत राहिलं. 1873 मध्ये त्यानं आणखी एक मुद्दा काढला: ही रूपं रानात एकाच जागी, एकमेकांना खेटून उगवतात आणि तरी वेगळीच राहतात. मग 'हवापाण्यामुळे फरक पडला' हे कारण टिकणार कसं? शेवटी या एका ड्राबाच्या त्यानं जवळपास 200 प्रजाती केल्या.

लोक हसले. नावांची अशी खिरापत वाटल्यावर हसणारच. पण जरा थांबा. वाळलेल्या कागदांवरून निवाडा करणाऱ्यांपेक्षा प्रयोग कुणाचा सरस होता? जॉर्डनचा! त्याला दिसलं ते खरं होतं. निष्कर्ष फसला: देवानं या प्रजाती निर्माण केल्या तशाच्या तशा आहेत आणि कधी बदलत नाहीत, असं तो मानायचा. उत्क्रांतीचा हा पक्का विरोधक, आणि अनुवंशाचा इतका चोख पुरावा त्याच्याच वाफ्यांत!

कारण आज माहीत आहे. ड्राबा बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं बी धरतं. बाहेरचं रक्त क्वचितच येतं, म्हणून प्रत्येक घराणं आपापल्या ठेवणीनं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. क्रोमोसोमची संख्याही घराण्याघराण्यांत वेगळी सापडते.

पेरून बघितलं की सगळे वाद मिटतात, असंही नाही हं. प्रिमरोझ आणि काउस्लिप ही इंग्लंडमधली दोन वसंतातली फुलं. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी बी पेरून बघितलं, एकाच झाडाच्या बियांतून वेगवेगळी रूपं आली, आणि 1830 मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रजाती एकच. मग डार्विननं काय केलं? झाडांवर जाळी घातली, कीटक दूर ठेवले, पराग स्वतःच्या हातानं लावले. 1868 मध्ये त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे निष्कर्ष ठेवला: या वेगळ्याच प्रजाती, आणि मधलं दिसणारं साधं ऑक्सलिप हा त्यांचा संकर. उघड्यावरचं बी धरलं, तर त्याचा बाप कोण हे तुम्हाला ठाऊकच नसतं! गंमत म्हणजे हद्द धूसर आहे म्हणणाऱ्या माणसानंच इथे ती नीट आखून दिली.

हॉकवीड या पिवळ्या फुलांच्या रानझाडानं तर, वाटाण्यावरून अनुवंशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेललाच चकवलं. वाटाण्यात संकराची पुढची पिढी फुटते, तऱ्हेतऱ्हेची होते. हॉकवीडच्या संकरांची संतती हुबेहूब आईसारखी. 1869 मध्ये त्यानं हे मांडलं, पण उलगडा व्हायला विसावं शतक उजाडलं: यातली बरीच झाडं परागाशिवायच बी धरतात. ब्लॅकबेरीतही जवळपास असाच प्रकार: तिथे पराग लागतो, पण बहुतेक वेळा बियातल्या रोपात बापाचा वाटा नसतो. असं बी म्हणजे आईची नक्कल, त्यामुळे बारीकसा फरकही टिकून राहतो.

तर आजचा हिशोब असा. ब्रिटनमध्ये ब्लॅकबेरीच्या 300 हून जास्त आणि हॉकवीडच्या 400 हून जास्त सूक्ष्म प्रजाती, म्हणजे अगदी बारीक फरकांवरून वेगळ्या धरलेल्या प्रजाती, मानतात, म्हणजे बॅबिंग्टनचा आकडासुद्धा तोकडा पडला. आणि ड्राबा? ब्रिटनमधले काही अभ्यासक त्याच्या तीन प्रजाती धरतात, काही एकच. जॉर्डननं दिलेली नावं मात्र जवळपास सगळी याद्यांमध्ये त्या एका नावाखाली, 'पर्यायी नावं' म्हणून ओळीनं लावलेली आहेत.